पिंपातून निघालेले स्वर

रस्त्याचे काम चालू असले की कडेला डांबराची रिकामी पिंपे पडलेली दिसतात. त्यांना कोणी पिंप म्हणतो, कोणी टिपाड, कोणी नुसतेच ड्रम. काम आटोपले की ती हळूहळू गावात येतात आणि त्यांचा दुसरा जन्म सुरू होतो. कोणी ते उभे चिरतो, ठोकून सपाट करतो आणि कुडाला पत्रा म्हणून लावतो. कोणी घासूनपुसून दारात पाण्यासाठी मांडतो. आमच्या मुक्ताईनगरच्या बाजूला केळीच्या मळ्यात औषध कालवायलाही असले पिंप चालते. पार गंजून भोके पडली की मग ते भंगारात जाते. पिंपाची कहाणी एवढीच.

पण या पिंपावर सारेगम वाजतो, शंभर-शंभर माणसे मिळून त्यावर एकेक मोठी रचना वाजवतात, आणि एक सबंध देश त्याला आपले राष्ट्रवाद्य म्हणतो, असे मी सांगितले तर तुम्ही म्हणाल, "गुरुजींना कालची एकादशी फार कडक गेलेली दिसते!"

श्रोतेहो, एकादशीचा यात काही दोष नाही. गोष्ट खरी आहे. ती मी पहिल्यांदा सांगितली आमच्या तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या ताशेवाल्या आबांना. सांगितली म्हणजे मोबाइलवर ऐकवलीच. आबांनी उभा जन्म लग्नांत, मिरवणुकांत ताशा वाजवला. डोळे मिटून त्यांनी सगळे ऐकले, गुडघ्यावर बोटे धरली, आणि संपल्यावर म्हणाले, "गुरुजी, वाजवतात झकास. पन या लोकायले जेवाले कुठं बसवतात?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. ज्याने आयुष्यभर मांडवात वाजवले आणि मांडवाबाहेर जेवला, त्याचा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधता शोधताच हे भाषण तयार झाले.

ते वाद्य जिथले, तो देश त्रिनिदाद. हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने तिथल्या पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर वेस्ट इंडीजला कसोटी सामन्यात पहिल्यांदाच हरवले. दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात शतक काढले. पुढे त्याच मैदानावर, मालिकेच्या शेवटच्या कसोटीत, सुनील गावसकरांनी पहिल्या डावात १२४ आणि दुसऱ्या डावात २२० धावा केल्या. चार कसोट्यांत मिळून त्यांच्या ७७४ धावा झाल्या. तेव्हा तिकडच्या लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने काय करावे? रुसून बसण्याऐवजी त्याने गावसकरांवरच एक गाणे रचले! हरलेल्या घरच्या माणसाने जिंकलेल्या पाहुण्याचे गुण गाइले.

या जातीच्या गाण्याला तिकडे कॅलिप्सो म्हणतात. आपला पोवाडा, तमाशातला सवाल-जवाब आणि पारावरची टवाळी ही तिन्ही एकत्र कालवली तर जे होईल ते कॅलिप्सो. गावात काय घडले, सरकारने काय केले, कोणाची फजिती झाली, सगळे त्यात येते. दरवर्षी लेंटच्या उपवासाआधी तिथे कार्निव्हल नावाचा मोठा उत्सव होतो, आपल्या होळी-धुळवडीसारखा मोकळा. त्या उत्सवात ही गाणी रस्त्यावर येतात, आणि तिथे ती ज्या वाद्यावर वाजतात ते म्हणजे आपले हे पिंप. इंग्रजीत त्याला स्टील ड्रम म्हणतात; तिथले लोक म्हणतात पॅन. पॅन म्हणजे तवा. नावातही काही डौल नाही.

त्रिनिदाद हे बेट दक्षिण अमेरिकेच्या व्हेनेझुएला देशाला लागून, समुद्रात आहे. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या निम्म्याहूनही ते लहान. तिथे उसाचे मोठमोठे मळे होते, आणि ते पिकवायला आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून आणलेली होती. १८३० च्या दशकात इंग्रजी राज्यातली गुलामगिरी संपली. मोकळे झालेले लोक मळ्यावर राबायला फारसे राजी होईनात. तेव्हा मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. ३० मे १८४५ रोजी हिंदी मजुरांचे पहिले जहाज त्रिनिदादला लागले. पुढे १९१७ पर्यंत करारावर गेलेल्या अशा माणसांची संख्या १,४०,००० च्या वर जाते. ती बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची, काही मद्रासेकडची. गाठोड्यात त्यांनी काय नेले? थोडे कपडे, भांडी, रामायणाची पोथी. आणि हातात ढोलक नि ताशा नेला. हा ताशा आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे. तो लक्षात असू द्या.

आता पिंप वाद्य कसे झाले ते पाहू. आफ्रिकी लोकांचे वाद्य म्हणजे कातड्याचा ढोल. ढोल वाजला की माणसे जमतात, आणि माणसे जमली की राज्यकर्त्यांच्या पोटात गोळा उठतो. १८८१ साली कार्निव्हलमध्ये पोलीस आणि लोक यांची मोठी मारामारी झाली. त्यानंतर कायदे करून रस्त्यावरच्या ढोलांवर बंधने घालण्यात आली. १८८४ साली हिंदी मजुरांची मोहरमची मिरवणूक ताशे वाजवीत शहराकडे निघाली, तेव्हा तिच्यावर गोळीबार झाला आणि माणसे मेली. म्हणजे ढोल आफ्रिकेतला असो की ताशा हिंदुस्थानातला, सरकारला दोघांचाही सारखाच धसका होता.

ढोल गेला तर लोकांनी बांबू घेतला. लहानमोठ्या लांबीची बांबूची कांडी तोडायची आणि जमिनीवर आपटायची. जाड कांडे खर्जात बोलते, बारीक कांडे वर बोलते. आपल्याकडे दोघी-तिघी मुसळाने कांडू लागल्या की जो ठेका धरला जातो, तसलाच हा प्रकार. पुढे १९३० नंतरच्या काळात बांबूच्या जोडीला लोखंड आले. बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणे, मोटारीचे ब्रेक-ड्रम, जे हाती लागेल ते. ब्रेक-ड्रमवर लोखंडी सळईने ठोकलेला खणखणीत ठेका आजही पॅनच्या प्रत्येक ताफ्यात असतो. आपल्या एस. टी. डेपोच्या आवारात असे किती ताफे गंजत पडले असतील!

डबा ठोकता ठोकता कोणाच्या तरी ध्यानात आले की जिथे पोचा पडतो तिथला आवाज बदलतो. एक पोचा एक स्वर, दुसरा पोचा दुसरा स्वर. हे नेमके कोणाच्या ध्यानात आले यावर त्रिनिदादमध्ये अजून भांडणे होतात. विन्स्टन सायमन, ज्याला लोक स्प्री म्हणत, त्याने १९४६ च्या कार्निव्हलमध्ये डब्यावर सबंध धून वाजवून दाखवली असे सांगतात. एली मॅनेट नावाच्या तरुणाने त्याच सुमारास तेलाचे मोठे पिंप घेतले आणि त्याचा तळ आत ठोकून वाडग्यासारखा खोलगट केला. टिपरीच्या टोकाला रबर गुंडाळण्याची युक्तीही त्याचीच मानतात. युद्धाच्या दिवसांत तिथे अमेरिकी आरमाराचा तळ पडलेला होता, बेटावर खनिज तेलही निघे, त्यामुळे रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता.

पण ही मुले कोण होती? गरीब वस्तीतली, कामधंदा नसलेली किंवा हमाली करणारी. सभ्य घरची माणसे आपल्या पोरांना त्यांच्या वाऱ्याला उभे राहू देत नसत. एका वस्तीचा ताफा दुसऱ्या वस्तीच्या ताफ्याला भिडला की दगड, बाटल्या, सुरे चालत. पोलीस पकडून नेत, वाद्ये जप्त करीत. आबांच्या प्रश्नाचे त्या वेळचे उत्तर असे: जेवायला बसवण्याची गोष्ट दूरच, उंबरठा चढू देत नसत.

१९५१ साली लंडनला ब्रिटनचा महोत्सव भरला. त्यासाठी निरनिराळ्या ताफ्यांतली निवडक अकरा मुले एकत्र केली गेली आणि त्यांना शिकवायला जोसेफ ग्रिफिथ हा पोलीस बँडमधला संगीतज्ञ नेमला. पोलीस आणि पॅनवाले एका खोलीत! ग्रिफिथने हट्ट धरला की प्रत्येक वाद्यात शुद्ध, कोमल, तीव्र असे सगळे बारा स्वर यायला हवेत. नुसत्या चार-सहा स्वरांवर भागणार नाही. लंडनचे लोक आधी गंजकी पिंपे पाहून हसले आणि मग वादन ऐकून थक्क झाले. एली मॅनेट त्या ताफ्यात होता. पुढे १९६७ साली तो अमेरिकेत गेला आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या विद्यापीठात त्याने पॅन घडवण्याची विद्या शिकवली. २०१८ साली तो वारला.

आता तुम्ही विचाराल, "पण गुरुजी, पिंपातून सा निघतो कसा?"

पिंप घ्यायचे ते आपले नेहमीचेच, साधारण २०० लिटरचे, बावीस-तेवीस इंच तोंडाचे. ते पालथे घालून त्याचा तळ मोठ्या घणाने ठोकत ठोकत आत दाबायचा. वरच्या पट्टीचे पॅन करायचे तर आठएक इंच खोल. पत्रा फाटता कामा नये आणि एका जागी पातळ होता कामा नये. म्हणून हे काम घाईचे नव्हे. मग त्या वाडग्यात एकेका स्वराची जागा आखायची, आणि दोन जागांच्या मधली रेघ खिळ्यासारख्या बोथट पोगराने ठोकून उठवायची, म्हणजे एका स्वराचे कंपन शेजारच्या घरात शिरत नाही. काठाकडच्या जागा मोठ्या, त्यांचा स्वर खालचा. मध्याकडे जागा लहान लहान, त्यांचा स्वर वरचा. मग खालचा घेर कापायचा. वरच्या स्वरांच्या पॅनला पाच-सहा इंचांचा घेर ठेवतात. खर्जाला मात्र अख्खे पिंप लागते आणि एका पिंपात तीनच स्वर मावतात. म्हणून खर्जाचा वादक सहा-सहा, नऊ-नऊ पिंपांच्या मध्ये उभा राहून वाजवतो. वरच्या पॅनवर एकट्या पिंपात २९ च्या आसपास स्वर बसतात.

यानंतर पिंप आगीवर धरायचे. ठोकून ठोकून कंटाळलेले पोलाद तापवल्याने पुन्हा ताठ होते. आपले ताशेवाले, डफवाले वाजवण्याआधी कातडे शेकून घेतात ना? कारण वेगळे, पण आगीशिवाय आवाज नाही हा न्याय दोन्हीकडे सारखाच. मग शेवटचे आणि सगळ्यांत नाजूक काम: लहान हातोडीने खालून-वरून टिचक्या मारीत प्रत्येक जागा स्वरात आणायची. जागा किंचित फुगली की स्वर चढतो, किंचित बसली की उतरतो.

इथे एक मौज सांगण्यासारखी आहे. कुठल्याही तारेवर सा छेडला तर त्याच्याबरोबर वरचा सा, त्याच्या वरचा प असे सूर मागे मंद वाजत असतात. म्हणून तो आवाज गोड लागतो. साध्या ढोलात किंवा डब्यात हे मागचे सूर असे नात्यागोत्यातले नसतात. म्हणून त्याचा नुसता दणका ऐकू येतो, स्वर नाही. आपल्या तबल्याला आणि मृदंगाला शाई असते. त्या काळ्या शाईच्या वजनामुळे कातड्याचे मागचे सूर बरोबर नात्यात येऊन बसतात. हे कोडे सर सी. व्ही. रामन यांनी शास्त्रीय रीतीने सोडवले आणि १९२० व १९३४ साली त्यावर निबंध लिहिले. पॅन जुळवणारा कारागीर हेच काम शाईवाचून, नुसत्या हातोडीने करतो. एकाच जागेत तो मूळ स्वर, त्याचा वरचा सा आणि त्याच्या वरचा प असे तीन सूर बसवतो. तिथल्या बहुतेक जुन्या कारागिरांनी पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडले नव्हते. त्यांचा कान हेच त्यांचे पुस्तक.

दुसरी मौज स्वरांच्या मांडणीची. पेटीवर सा, रे, ग असे ओळीने येतात. पॅनवर तसे केले तर शेजारशेजारचे बेसूर स्वर एकमेकांना हलवतात आणि गलका होतो. अँथनी विल्यम्स या वादकाने स्वर गोलात असे मांडले की सा च्या एका बाजूला प यावा आणि दुसऱ्या बाजूला म. प च्या पलीकडे पुन्हा त्याचा पंचम, म्हणजे रे. असे करीत बारा स्वरांचा फेरा पुरा होतो आणि वरचे सप्तक आतल्या घेरात येते. म्हणजे आपले गवई ज्याला षड्ज-पंचम भाव म्हणतात तो या माणसाने पत्र्यावर कोरला. शेजारी जर आपलाच नातेवाईक असला, तर तो थोडा हलला तरी भांडण होत नाही.

पॅनला मींड येत नाही हे खरे. स्वरावरून स्वरावर घसरता येत नाही. उडीच मारावी लागते. पण हा आक्षेप आपल्या पेटीवरही होता. याच आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले होते, आणि ते १९७१ नंतर टप्प्याटप्प्याने उघडले. तोवर गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटीला कधीच घरात घेतले होते. वाद्य शुद्ध की अशुद्ध हे कधीकधी शहाण्यांच्या आधी लोकांना कळते.

आता ताशाकडे येऊ, आणि एका माणसाकडे.

त्रिनिदादमध्ये हिंदी वंशाचे आणि आफ्रिकी वंशाचे लोक जवळजवळ सारख्याच संख्येने आहेत. दोघे एकाच बेटावर, पण कित्येक वर्षे अशी वाटणी होती की पॅन त्यांचा आणि ताशा आमचा. हिंदी लोकांच्या लग्नात मातीच्या घटाला बकऱ्याचे कातडे लावलेला ताशा आजही वाजतो. जोडीला ढोल आणि झांजा. आगीवर शेकून ताणलेला तो ताशा ऐकला तर तुम्हाला क्षणभर वाटेल की आपल्याच गल्लीतून वरात चालली आहे.

अशा हिंदी घरात, लोपिनोच्या डोंगरदऱ्यातल्या सरी नावाच्या खेड्यात, १९५० साली जीत समारू जन्मला. तेरा भावंडांचे घर. आई गाणारी आणि ढोलक वाजवणारी. त्या दरीत नाताळच्या दिवसांत स्पॅनिश वळणाची गाणी घरोघर म्हणत जायचा प्रघात आहे. समारूंचे हिंदी घर त्यातही रंगून जाई. आई लवकर गेली. धाकट्या भावंडांचा भार जीतवर पडला, आणि त्याने त्यांना सांभाळण्याची एक अजब रीत काढली: सगळ्यांच्या हाती वाद्ये देऊन घरातच ताफा उभा केला. आधी तो ‘समारू किड्स’ म्हणजे समारूंची मुले या नावाने, आणि मुले मोठी झाल्यावर ‘समारू जेट्स’ या नावाने गाजला.

जीत तरुणपणी एका साबणाच्या कंपनीच्या आश्रयाने चाललेल्या ताफ्यात पॅन वाजवू लागला. तिथे लँडिग व्हाइट या पियानोवादकाने त्याला संगीताचे लिहिणे-वाचणे शिकवले. कान आईने दिला होता, अक्षर या गुरूने दिले. मग १९७० नंतरच्या काळात त्याचा संबंध आला पोर्ट ऑफ स्पेनच्या रेनेगेड्स या ताफ्याशी.

रेनेगेड्स म्हणजे बंडखोर. शहरातल्या दांडग्या वस्तीचा ताफा, एके काळी मारामाऱ्यांसाठीच नावाजलेला. वादक जवळजवळ सगळे आफ्रिकी वंशाचे. आणि त्यांना संगीत रचून देणार कोण, तर डोंगरातल्या खेड्यातून आलेला हा अबोल, भिडस्त हिंदी मुलगा. दोन्हीकडच्या लोकांनी भुवया उंचावल्या असतील. पण या दोघांचे जे जमले ते दीर्घकाळ तुटले नाही.

१९६२ साली त्रिनिदाद स्वतंत्र झाला, आणि १९६३ पासून दर कार्निव्हलला ‘पॅनोरामा’ नावाची पॅनच्या ताफ्यांची स्पर्धा भरू लागली. मोठ्या ताफ्यात शंभराच्या वर वादक असतात. एक कॅलिप्सो घ्यायचा आणि त्याचा विस्तार करून आठ-दहा मिनिटांची रचना बांधायची. बहुतेक वादकांना स्वरलिपी वाचता येत नाही. रोज संध्याकाळी उघड्या अंगणात सगळे जमतात. रचनाकार एकेका ओळीला तुकडा शिकवतो, ते तो घोकतात, आणि रात्री उशिरापर्यंत हे चालते. आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा शेकडो टाळ एका ठेक्यात पडतात. ते कोणी कागदावरून शिकलेले नसते. मागच्या पिढीच्या मागे चालत चालत ते हातात आलेले असते. तोच मार्ग इथेही.

जीत समारूच्या रचना म्हणजे मुंग्यांच्या रांगा. एका ओळीकडून दुसरीकडे स्वर इतक्या वेगाने आणि इतके नेमके धावत की शंभर माणसांत एकही चुकला तर उघडे पडेल. १९८२ साली रेनेगेड्सने त्याच्या रचनेवर पॅनोरामा पहिल्यांदा जिंकली. नंतर १९८४, १९८५, १९८९, १९९०, १९९३. आणि १९९५, १९९६, १९९७ अशी लागोपाठ तीन वर्षे. एकूण नऊ वेळा. लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकणे त्याआधी कोणालाच साधले नव्हते. यातल्या अनेक रचना लॉर्ड किचनर या थोर कॅलिप्सो गायकाच्या गाण्यांवर बांधलेल्या होत्या. म्हणजे गाणे आफ्रिकी वंशाच्या शाहिराचे, रचना ढोलकवालीच्या मुलाची, वादन दांडग्या वस्तीतल्या पोरांचे, आणि वाद्य तेलाच्या भंगाराचे. यात कोणाचे किती, हे वेगळे काढून दाखवायला तराजू कुठून आणावा?

सगळे गोडच झाले असेही नाही. १९९० नंतरच्या दशकात, शाळांत पॅन शिकवायचा तर पेटीलाही तितकाच मान आणि पैसा द्या, अशी मागणी तिथल्या काही हिंदू पुढाऱ्यांनी केली आणि मोठा वाद पेटला. गंमत अशी की ज्या पेटीसाठी आपल्या संस्कृतीच्या नावाने भांडण झाले ती मूळची युरोपातली. पण त्या वादामागचे दुःख खोटे नव्हते. या देशाच्या अंगणात आमचा पाट कुठे मांडला आहे, असाच तो प्रश्न होता. जीत समारूने त्यावर सभा गाजवली नाही. तो पाट मांडून बसला आणि वाजवायला शिकवीत राहिला. दीर्घ आजारानंतर जानेवारी २०१६ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा अमृत हाही पॅनच्या रचना बांधतो.

आणि आता आबांच्या प्रश्नाचे पुढचे उत्तर. ३१ ऑगस्ट १९९२ रोजी, स्वातंत्र्याच्या तिसाव्या वाढदिवशी, पंतप्रधान पॅट्रिक मॅनिंग यांनी पॅन हे देशाचे राष्ट्रवाद्य म्हणून जाहीर केले. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला. आणि त्या देशाच्या राजमुद्रेवर कोलंबसची तीन गलबते होती, ती काढून त्या जागी पॅन घालण्याचा निर्णय तिथल्या संसदेने २०२५ साली केला. ज्या पोरांना पोलीस रस्त्यावरून हाकलीत होते त्यांचे पिंप आता सरकारी कागदाच्या माथ्यावर बसणार.

मी हे सगळे आबांना जाऊन सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आधी वाजवनाऱ्याले मान भेटला, मंग वाद्याले?"

"नाही आबा," मी म्हटले, "आधी वाद्याला भेटला. वाजवणाऱ्यांना अजून पुरता भेटलेला नाही. कार्निव्हल संपला की तिथेही कित्येक वादक पोटाच्या मागे फिरतात."

"मंग आपल्यासारखंच," आबा म्हणाले, आणि हसले.

श्रोतेहो, ते हसणे मला झोंबले. आपल्या खानदेशात वाद्यांना कमी नाही. सातपुड्यात पावरा बांधवांचा अंगाहून मोठा ढोल आहे, धुळ्याच्या डोंगरपट्ट्यात पावरी आहे, गोंधळ्यांचे संबळ आहे, गावोगावचे डफ, सनई, ताशा आहेत. ही वाद्ये आपण पंधरा ऑगस्टच्या चित्ररथावर मांडतो, त्यांचे कौतुक करतो. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची जात आपण हळूच विचारतो, बिदागी ठरवताना दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि पंगत उठल्यावर त्याला हाक मारतो, तीही नावाने नव्हे, "ए वाजंत्री" म्हणून. ताशाच्या जागी मोठाले भोंगे आले आणि आबांच्या दोन्ही मुलांनी काड्या खाली ठेवल्या. एकाने केळीच्या गाडीवर हमाली धरली. विद्या गरिबीने मरते तशी अपमानानेही मरते. आणि दुसरे मरण लवकर येते.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. राजमुद्रा बदलणे आपल्या हाती नाही. पण येत्या लग्नसराईत दारात ताशा वाजेल तेव्हा त्या माणसाला त्याचे नाव विचारणे आपल्या हाती आहे. त्याचा गुरू कोण, हा ठेका तो कोठे शिकला, हे विचारणे आपल्या हाती आहे. घरात मोबाइल असेल तर मुलांना ते वादन धरून ठेवायला सांगा. आणि पहिल्या पंगतीला, आपल्या व्याह्यांच्या शेजारी, एक पाट त्याच्यासाठी मांडा.

आबांना मी आमच्या घरच्या पुढच्या कार्याचे निमंत्रण आत्ताच देऊन ठेवले आहे. ते म्हणाले, "येईन गुरुजी, पन ताशा घेऊन का बिनताशाचा?"

मी म्हटले, "दोन्ही आबा. आधी जेवा, मग वाजवा."